ज्वारीच्या कोठीतला कॅमेरा

माय,

घनसावंगीच्या शाळेच्या व्हरांड्यात बसून लिहितेय. समोर खो-खोचं मैदान आहे, मैदानात पाणी आहे, आणि दोन्ही संघांच्या मुली बाकांवर पाय वर घेऊन बसल्या आहेत. अर्धा डाव झाला आणि पाऊस आला. पंच म्हणतात अर्ध्या तासात सुरू करू. हे ते तासाभरापासून म्हणतायत. कागद म्हणून सामन्यांच्या वेळापत्रकाची उरलेली पानं सापडली, त्यांच्या कोऱ्या बाजूवर लिहितेय. तीनदा उठून मैदान बघून आले, दोनदा कॅमेऱ्याची बॅग उघडून पुन्हा बंद केली. काम काही नाही, पण एका जागी बसवत नाही. तुला जाऊन चौदा वर्षं झाली आणि तुला एक खरं सांगायचं राहिलंय, माझ्या पहिल्या कॅमेऱ्याबद्दल. तो तुझ्या हातून गेला असं तू शेवटपर्यंत धरून चाललीस. मी धरू दिलं. आज एका मोबाइलमुळे ते सगळं वर आलं.

झालं असं की पाऊस आला तेव्हा खेळाच्या मॅडम गुणांचे कागद पदराखाली घेऊन पळाल्या आणि त्यांचा मोबाइल डबक्यात पडला. बाहेर काढला तर पडदा काळा. मॅडमचं तोंड रडवेलं झालं. तेवढ्यात शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी हात पुसत आल्या आणि म्हणाल्या, "आणा इकडं. चालू करू नका बिलकुल. तांदळात ठुवते, तांदूळ ओल ओढून घेतो." मॅडमनी मोबाइल मुकाट्यानं देऊन टाकला. कुणी हसलं नाही, कुणी अंगावर आलं नाही. उलट पंच म्हणाले, "बराबर हाय. माझाबी असाच सुधरला होता." मावशींनी तांदळाच्या पिंपात कोपरापर्यंत हात घालून मोबाइल पुरला आणि वर झाकण लावलं. मला आधी खुदकन हसू आलं. मग त्या हात झटकत बाहेर आल्या आणि त्यांच्या हाताला लागलेली पांढरी पूड बघून मला तिथं उभं राहवेना.

उन्हापावसाचं तुझं शास्त्र माझ्या मैदानांपेक्षा जुनं होतं. नवीन जालन्यातल्या बियाण्याच्या गोदामात तू बियाणं निवडायला जायचीस, आणि तिथून येताना माझ्यासाठी काही ना काही युक्ती घेऊन यायचीस. मी उन्हात फोटो काढायला निघाले की बाबांच्या जुन्या धोतराचा तुकडा ओला करून माझ्या मानेभोवती बांधायचीस. बॅगेत, लेन्सच्या शेजारी, एक कांदा. "कांदा जवळ असला की ऊन लागत न्हाई. सगळं ऊन त्योच पितो," म्हणायचीस, आणि संध्याकाळी तो मऊ पडलेला कांदा मला दाखवून जिंकल्यासारखी हसायचीस. जिल्ह्यातल्या मैदानांवर तेव्हा फोटोग्राफर म्हणजे चार-पाच गडी आणि त्यांच्यात मी एकटी बाई. बॅग उघडली की वास पसरायचा. "मॅडम, आज भाजी कशाची?" हे ठरलेलं. मी त्यांच्यासमोर हसायचे आणि घरी येऊन तुझ्यावर करवादायचे. वाटेत कांदा फेकून द्यायचे, तर तू दुसऱ्या दिवशी दुसरा ठेवायचीस, कारण तुझ्या मते पहिल्यानं आपलं काम केलेलं असायचं. "कॅमेऱ्याला सावली करती अन् सवताचं डोकं उघडं," हे तुझं वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की ते ऐकूच येईनासं झालं. आता डोळ्यांचे डॉक्टर तेच सांगतात, फी घेऊन. माझ्या उजव्या डोळ्यात मांस वाढायला लागलंय, उन्हानंच. आज डोक्यावर मानेपर्यंत झालर असलेली टोपी आहे. ती मी विकत घेतली आहे, म्हणून तिचं ऐकते.

आणि मग तू ते कव्हर शिवलंस. गोदामात छपाई बिघडलेल्या बियाण्याच्या पिशव्या पडून असायच्या, त्यातल्या दोन जाड बघून मागून आणल्यास. रविवारी दिवसभर मशीनवर बसलीस. आतून तुझ्या मऊ लुगड्याचं अस्तर, म्हणजे कॅमेऱ्याला ओरखडा नको. दोन्ही बाजूंना माझे हात आत घालायला बाह्या. पुढे लेन्सपुरतं तोंड, त्याला परकराची नाडी. मागचा पडदा दिसावा म्हणून नव्या शर्टाच्या पाकिटाचं पारदर्शक प्लास्टिक. बादलीभर पाणी ओतून पाहिलंस, आत कागद ठेवून. कागद कोरडा निघाला तेव्हा तू शेजारच्या दोघींना बोलावून तो दाखवला होतास. नंतर मी शहरातली महागडी कव्हरं पाहिली, माय. तुझ्याइतकं नीट मापाचं एकही नव्हतं. पण पिशवीवरचं कापसाचं भलंमोठं बोंड बरोबर समोर आलं होतं आणि त्याच्या खाली लाल अक्षरं होती: विष लावलेले बियाणे, खाण्यास अयोग्य. मी ते एकदाच वापरलं, परतूरला, भुरभुर पावसात. "मॅडम, कॅमेरा खाऊ नका बरं का," एकजण म्हणाला आणि सगळे पोट धरून हसले. तुला सांगितलं तर म्हणालीस, "हसतील त्यांचे दात दिसतील. कॅमेरा भिजला का? न्हाई ना? मंग." मला त्या 'मंग'चा फार राग आला होता.

वाटूरची कबड्डी आली तेव्हा हरभरा काढणीला आला होता आणि अवकाळी येणार असं जो तो म्हणत होता. सकाळी निघताना तू आतून ओरडून विचारलंस, "कव्हर घेतलं ना?" मी चपला घालत होते. तशीच बाहेर पडले. दुपारी चौथा सामना सुरू झाला आणि परतूरच्या बाजूनं अंधारून आलं. टपोरे थेंब पडले तसे सगळे फोटोग्राफर मांडवाखाली पळाले. खेळाडू मात्र थांबले नाहीत, शेवटची दोन मिनिटं होती. लाल मातीचा चिखल होतोय, फक्कीची रेघ विरघळून वाहत चाललीय, आणि एक बारकासा पोरगा चढाईला आलाय. तिघांनी त्याचा पाय धरलाय आणि तो पोटावर सरपटत रेषेकडं हात टाकतोय, जी रेष आता तिथं नाहीच. मी गुडघ्यावर बसून फोटो काढत राहिले. केस, कॅमेरा, सगळं निथळत होतं. मग पडदा एकदा लुकलुकला आणि काळा झाला. मी काय केलं असेल? बॅटरी काढली, पुसली, घातली, चालू केला. पुन्हा काढली, पुन्हा घातली. जीपमध्ये जालन्यापर्यंत दहा-बारा वेळा तेच केलं.

घरी आले तेव्हा, "कव्हर घरीच राहिलं, घाईत," असं तुला सांगितलं आणि कॅमेऱ्यातलं कार्ड काढून घेऊन पेपरच्या कचेरीत गेले. कार्ड शाबूत होतं. मी परत येईपर्यंत तू कॅमेरा फडक्यानं टिपून ज्वारीच्या कोठीत ठेवला होतास. सकाळी टेबलावर दिसला नाही म्हणून विचारलं तर तू कोठीचं झाकण काढलंस, आत हात घातलास आणि अंगारा फासल्यासारखा पांढरा झालेला माझा कॅमेरा बाहेर काढलास. ज्वारीला किडे लागू नयेत म्हणून त्याच आठवड्यात तू बोरिक पावडर चोळली होतीस. बटणांच्या फटींत पावडर, लेन्सच्या कडेला पावडर, बेल्टच्या शिवणीत ज्वारीचे दाणे. मी किंचाळले, माय. "तुला काय कळतं त्यातलं? कशाला हात लावलास? वाटोळं केलंस सगळं!" तू कोपरापर्यंत पांढरे झालेले हात पुढे धरून उभी होतीस. "मला वाटलं, ज्वारी ओल ओढती," एवढंच म्हणालीस. मग मशीन साफ करायचा छोटा ब्रश आणलास आणि खाली बसून एकेक फट झाडायला लागलीस. मी कॅमेरा तुझ्या हातातून ओढून घेतला.

स्टेशनजवळच्या दुरुस्तीवाल्यानं तो माझ्यासमोर उघडला. भिंग लावून बराच वेळ पाहत राहिला. मी घाईघाईनं पावडरीचं सांगितलं, म्हणजे तुझं. तो म्हणाला, "पावडर वरच्यावर हाय ओ ताई, झटकली की गेली. हे बघा, पाणी आत गेल्तं, अन् तुम्ही ओलाच चालू करून राह्यल्या, तिथंच बोर्ड जळलं. ज्वारीत कुणी ठुलं म्हणता? त्यांनी तर बराबर केलं होतं." मग मान वर करून विचारलं, "कव्हर न्हवतं का?" मी म्हणाले, "न्हाई." त्याच्या दुकानापासून घर चालत वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांत मी वाक्य जुळवत आले होते, तुझा काही दोष नाही असं काहीतरी. तू दारातच उभी होतीस, गोदामात गेलीच नव्हतीस. "काय म्हणला?" मी म्हणाले, "गेला." तू आपल्या हातांकडे पाहिलंस. मी पुढचं वाक्य बोलायचं होतं. मी पाणी प्यायला आत गेले.

तो फोटो पेपरात मोठा छापून आला. तू तो कापून भिंतीला लावलास आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं दाखवायचीस, "लेकीनं काढलाय." आणि पुढे, आवाज उतरवून, "माझ्या हातानं कॅमेरा गेला न बाई तिचा." मी शेजारीच असायचे. चहा ओतत असायचे. पुढे दुसरा कॅमेरा आला तर तू त्याच्याकडे लांबूनच पाहिलंस. दसऱ्याला तुझ्या मशीनशेजारी पाटावर ठेवला, तर मशीनला तू हळदकुंकू वाहिलंस आणि कॅमेऱ्यापाशी हात मागे घेतलास. "तूच लाव. माझा हात वाईट हाय." मी लावलं. बॅगेत कांदा यायचा थांबला. धोतराचा तुकडा तू भिजवून माझ्या हातात द्यायला लागलीस, मानेभोवती बांधेनाशी झालीस. मैदानावरून आले की दारातून विचारायचीस, "भिजली न्हाईस ना?" पूर्वी कॅमेऱ्याचं विचारायचीस. दोन वर्षं हे असं चाललं आणि मग तू गेलीस. दोन वर्षांत सांगायला कितीसा वेळ लागला असता? खरं सांगू, चूक तुझी आहे हे मला बरं पडत होतं. नाहीतर ती माझ्याकडे आली असती.

मैदानावर आता लाकडाचा भुसा टाकतायत. एकजण डब्यातून नवी फक्की ओढतोय आणि ओल्या मातीत ती पिवळी पडतेय. मावशी दोनदा पिंप उघडून बघून आल्या. मॅडमनी विचारलं, "झाला का?" तर म्हणाल्या, "जल्दी करू नका मॅडम. ओल निघायला टाइम लागतो." मी पुन्हा उठले, पुन्हा बसले. उरलंय ते लिहून टाकते, नाहीतर शिट्टी होईल आणि माझं सुटेल, नेहमीसारखं.

वाटूरला कव्हर माझ्याजवळ होतं. घरी राहिलं नव्हतं. पहिला थेंब पडला तेव्हा मी ते बॅगेतून अर्धं बाहेर काढलंही होतं. मग बोंड दिसलं, लाल अक्षरं दिसली, मांडवाखालचे चौघं माझ्याकडे बघत होते, आणि मी ते परत आत कोंबलं. घरी आले तेव्हा मी निथळत होते, कॅमेरा मेला होता, आणि बॅगेच्या तळाशी तुझं कव्हर ठणठणीत कोरडं होतं. दुसऱ्या दिवशी तू ब्रश शोधायला आत गेलीस, तेवढ्यात मी ते गुपचूप त्याच्या खुंटीवर अडकवलं. ती खुंटी तुझ्या मशीनच्या वर, हात लांबला की लागेल अशी. वाटूरचा दिवस रविवार होता, आणि रविवारी तू दिवसभर मशीनवर असायचीस. खुंटी दिवसभर रिकामी होती, माय. तुला ती दिसली नसेल असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगतेय, आणि आज बसल्या जागी ते पटेनासं झालंय. दिसली असेल तर मी खोटं बोलतेय हे तुला पहिल्या वाक्यालाच कळलं होतं, आणि तरी तू ते आपल्या हातावर घेतलंस.

शिट्टी झाली. मुली उठल्या. पाऊस पुरता गेलेला नाही, भुरभुर चालू आहे. ही पानं दुमडून बॅगेत ठेवतेय, तळाशी, तुझ्या कव्हराच्या आत, तिथं कागद भिजत नाहीत हे तू दाखवलंच होतंस. तू गेल्यापासून ते प्रत्येक मैदानावर माझ्याबरोबर असतं. कॅमेऱ्यावर आत्ताही मी विकतचंच चढवतेय, कारण समोर माणसं आहेत. परतूरनंतर तुझं एकदाही भिजलेलं नाही.