नाखव्याच्या नावाचा घोट

३ फेब्रुवारी
सुले, तू माझी पोटची पोर, पण बोरिवलीला परत जाताना डबा इथे विसरतेस आणि झाकण तेवढं घेऊन जातेस. तुला तोंडी सांगून उपयोग नाही. म्हणून रोजचं लिहून ठेवतेय, वाटलं तर पाठवीन. बोलणार मी, लिहिणार तुझी भाची जुई. तिचं अक्षर सुरेख आहे असं तीच सांगते. मला काय, सगळ्या मुंग्याच.
खबर अशी, तुझा भाचा ओंकार (जुई आळशी, पुढे नुसतं ओ. लिहिणार) गाडीला दारूवर लावतोय. पेट्रोल बंद. उसाची असते, इथेनॉल म्हणतात. गाडी टर्बोची, आधीच तिला दम जास्त. साकीनाक्याचा मेकॅनिक फिरोज म्हणतो, "आजी, ही प्यायली की अजून पळेल." म्हटलं, पिऊन पळणारे खूप पाहिलेत रे बाबा. दोन गल्ल्या, मग गटार.

६ फेब्रुवारी
गाडी साकीनाक्याला उघडी पडलीय. नवा पंप, मोठे इंजेक्टर. जुन्या नळ्याही काढल्या, ही दारू रबर खाते म्हणे. गाडीच्या आत कॉम्प्युटर असतो, त्यालाही परत शिकवायला घेतलंय, कधी किती पाजायची ते. ओ. धड जेवत नाही. लग्न ठरल्यावरसुद्धा बापाचं असं झालं नव्हतं.

८ फेब्रुवारी
आज दारूची पहिली भरणी. आपल्याच दारात, वेसाव्यात. डबा उघडला तशा गल्लीतल्या चार म्हाताऱ्यांच्या माना वळल्या.
आपल्यात पहिला थेंब गेलेल्यांना, जेवणातला वाटाही, तो अळणी. बोट बुडवून शिंपडायचा. ओ. म्हणाला, "आजी, तूच कर ना." बोट बुडवलं. गार गार, आणि क्षणात दारू उडून गेली. गंमत म्हणून म्हटलं, "ये रे नाखवा! नातवाने बाटली फोडलीय, बस गाडीत!" सगळे हसले. मीही.
जुई विचारते नाखवा कोण. तुझा आजा गं, माझा नवरा. होडी घेऊन दर्यात गेला. होडी परत आली. लोक म्हणाले बांगड्या फोड. म्हटलं, आधी माणूस दाखवा. अजून कुणी दाखवलेला नाही.
अशा माणसाला हाक मारत नाहीत. मला ठाऊक आहे. पण माझी जीभ... गेली एकदा हाक, ती गेली.

११ फेब्रुवारी
गाडी सुसाट. ओ. हवेत. एकच कटकट. बाजूच्या सीटवर कुणी नाही, तरी टुंग टुंग करते, बेल्ट लावा म्हणून. फिरोजने सीटखालचा सेन्सर बदलला. तरी टुंग टुंग.
मी म्हटलं, "नाखव्याने बंदरावरच्या साहेबाचं कधी ऐकलं नाही, तुझ्या टुंगटुंगीचं काय ऐकतोय!"
ओ. हसला नाही. रिकाम्या सीटला बेल्ट लावून टाकला. तेव्हा गप्प झाली.

१३ फेब्रुवारी
सकाळी गाडीपाशी गेले. बॉनेट थंडगार. तरी वास. दारूचा नाही. ओल्या जाळ्याचा, आणि बिडीचा.
जुई म्हणते, "मला काहीच येत नाहीये, आजी." तुझ्या घरात दूध करपतं तेव्हा तुलाही येत नाही, सुले. नाकं तुमची एकाच साच्यातली.

१६ फेब्रुवारी
आरे कॉलनीच्या रस्त्यात गाडी बंद पडली. टो करून साकीनाक्याला. फिरोजने टाकी उपसली तर वर उरल्यासुरल्या पेट्रोलचा पातळ थर, खाली दारू नि पाणी एक झालेलं. बरंच पाणी.
ओ.ने समजावलं, दारू हवेतलं पाणी ओढते, टाकीचं झाकण सैल राहिलं असणार. पटलं मला. उगाच भांडायचं कशाला. खालचं थोडं मला दाखवायला बरणीत घेऊन आला. खिडकीत ठेवलंय.

१९ फेब्रुवारी
बरणी सुकली. तळाशी पांढरं.
ओ. : "केमिकल असेल काहीतरी."
जन्मभर मासळी खारवली मी. बोटावर घेतलं, जिभेला लावलं. जुई किंचाळली, "आजी, थुंक!"
थुंकले. पण कळलं. मीठ होतं. दर्याचं.
ओ.ला विचारलं, "हवेतून मीठपण ओढते का रे तुझी दारू?"
त्याने फिरोजला फोन लावला. तो म्हणाला, टाकी धुवून ठेवलीय.

२० फेब्रुवारी
गाडी घरी आली. रविवारी ओ.ला ती घेऊन मुरूडला जायचंय. दर्याच्या कडेकडेने रस्ता. एकटाच. म्हटलं, नको जाऊस. परत पेट्रोलवर लाव.
"लावतो ना. ही एक फेरी करून आलो की."
नाखवाही असंच म्हणाला होता, एक फेरी. एकट्याने जायला त्याला कधी आवडायचं नाही. त्या दिवशी ओ.च्या बापाला न्यायला घरात आला. शाळकरी पोर, अंगात ताप. मी सोडलं नाही. उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, "बरं, पुढच्या खेपेला नेईन."
हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. जुईचं पेन थांबलंय. लिही गं.

२१ फेब्रुवारी
संध्याकाळी गाडीशेजारी स्टूल टाकून बसले. बोलले बरंच. ते जुईने लिहायचं नाही.
उठताना काचेतून पाहिलं. रिकाम्या सीटचा बेल्ट सुटलेला. ओ. म्हणतो, मी हात लावला नाही. किल्ली त्याच्याच खिशात.
आता तो जायला घाबरतोय, आणि घाबरलो हे कबूल करायलाही घाबरतोय. म्हणून जाणारच. बापावर गेलाय. बापाच्या बापावर.
मी ठरवलं. उद्या मी बरोबर. पुढच्या सीटवर मी बसणार, ती जागा रिकामी ठेवायची नाही. नाखव्याला सोबत हवी ना? मी आहे. बायको आहे त्याची, अजून बांगड्यांसकट. पोराला हात लावायचा नाही. मागे बस म्हणावं, पाय पसरून. मुरूडला दर्या आला की मी उतरून बघते, कोण कोणाला सोडून येतं ते.
जुई म्हणते, "आजी, हे आत्याला आत्ताच पाठवू?" पाठव. फोटो काढून पाठव.
सुले, वाचलंस की रडत बसू नकोस, चूल पेटव. सकाळी आम्ही निघायच्या आत जावयाबरोबर पाठव. तांदळाच्या भाकऱ्या आणि सोड्याचं सुकं, तिघांना पुरेल असं. त्यातला एक वाटा वेगळा काढ, अळणी.