निर्मनुष्य

१२ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांना,

नमस्कार. मी मजेत आहे. आईला सांगा, तिने पाठवलेला रेनकोट इथल्या उंदरांना फार आवडला. एक बाही त्यांनी ठेवूनच घेतली.

कामाचं सांगते. चार महिने वस्तीतल्या लोकांबरोबर रोज रान तुडवतेय. कुठलं झाड कुठल्या घराचं, मध कुठे लागतो, झरे कुठे, पूर्वजांना कुठे पुरलं, सगळं आम्ही नकाशावर घालतोय. वाटलं होतं, मी यांना शिकवायला आले. पण जीपीएसचं यंत्र हातात असून मी दोनदा हरवले, आणि दोन्ही वेळा सुईणमावशीने कान धरून परत आणलं. वस्तीत तिच्याहून मोठं कुणी नाही. निम्मी वस्ती तिच्याच हातांवर जन्मली.

पलीकडची टेकडी लाकूड कंपनीने झाडं तोडून बोडकी केली. खालचा झरा वाहून आलेल्या मातीने अजून लालच वाहतो. आता त्यांना ही टेकडी हवी आहे. वीस मार्चला कोर्टात सुनावणी आहे.

इथवर लिहून उठले होते. उगाच भांडी घासून आले. आता लिहितेच.

कंपनीचा सगळा दावा पस्तीस वर्षांपूर्वीच्या सरकारी पाहणीवर आहे. त्या नकाशात या जागेवर एकच शब्द आहे: निर्मनुष्य. वस्तीची बाजू मांडणाऱ्या वकीलबाईंनी प्रत मागवली, मी ती टेबलावर पसरली, आणि खाली सही दिसली. माझ्या प्रगतिपुस्तकांवर वर्षानुवर्षं पाहिलेली सही, बाबा.

आठ दिवस कुणाला काही बोलले नाही. मग परवा मावशीच बोलता बोलता म्हणाली, "एक पाहणीवाला साहेब आला होता. तापाने फणफणलेला. सहा दिवस माझ्या घरात पडून होता. बरा झाला आणि माझ्या लेकीला खांद्यावर घेऊन नाचला."

मला राहवलं नाही. म्हटलं, "मावशी, तो माझा बाप."

ती उठून गेली. दोन दिवस मला कुणी हाक मारली नाही. आज सकाळी ती दारात येऊन उभी राहिली. "जिवंत आहे ना तो? मग त्यालाच विचार, आम्ही होतो की नव्हतो."

म्हणून विचारते. वकीलबाई म्हणतात, तुम्ही हजर राहून खरं सांगितलंत तर त्या नकाशात जीव उरणार नाही. पण खोटी पाहणी दिली म्हणून तुमच्यावर खटलाही होऊ शकतो. मी आग्रह करणार नाही, असं तीनदा लिहून खोडलं. आग्रह करते आहे. या.

तुमची,
चिमी


२३ फेब्रुवारी

चि. चिमीस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र अर्ध्यापुढे वाचवेना, तेव्हा आईने वाचून दाखवलं.

अकरा घरं होती. मी मोजली होती. वरचे साहेब म्हणाले, घरं दाखवलीस तर फाइल वर्षभर अडकेल आणि तूही इथेच अडकशील. तुझा जन्म तोंडावर आला होता. एक शब्द लिहिला आणि मिळेल ती गाडी पकडली. तेव्हापासून मनाची समजूत घालत आलो, की जंगलाचा नकाशा वाचतो कोण!

आई एवढंच म्हणाली, "खटल्याचं पुढे बघू, आधी बॅग भरा." अठरा तारखेला पोचतो. वर आशीर्वाद सवयीने लिहिले आहेत. ते घ्यायचे की नाही, ते माझी साक्ष झाल्यावर ठरव.

बाबा


२७ मार्च

प्रिय आई,

फोनवर धड बोलता आलं नाही, म्हणून लिहिते. बाबा दोन तास उभे होते. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. कंपनीच्या वकिलाने हसून विचारलं, "तेव्हा खोटं लिहिलंत, मग आताचं खरं कशावरून?"

बाबा म्हणाले, "तेव्हा मला घरी जायची घाई होती. आता नाही."

तोडीला स्थगिती मिळाली आहे. निकाल लागायचाय. बाबांवर चौकशी बसेल, हेही त्याच दिवशी कळलं. ते म्हणाले, "बसू दे."

मावशी त्यांच्याशी अजून एक अक्षर बोललेली नाही. बाबांनी माफी मागितली तेव्हा ती सरपण फोडत होती, फोडतच राहिली. पण रोज सकाळी त्या अकरा जुन्या घरांच्या जागा बाबांकडून नकाशावर घालून घ्यायला आम्ही निघतो, तेव्हा ती न सांगता पुढे चालते. चढ लागला की थांबते. मागे वळून पाहत नाही; बाबांची धाप ऐकू येईनाशी झाली, की पाऊल उचलते.

त्यांना इतक्यात परत बोलावू नकोस. चारच जागा झाल्यात, सात राहिल्यात.

तुम्हा दोघांची,
चिमी