ही बसली की दिवा लागतो

२ फेब्रुवारी

दिवा पुन्हा लागला. तोच, ब्रेकचा. लाल, गोलात उद्गारचिन्ह. बाजाराच्या चौकात लागला, वळून पुढे गेलो तर विझला. ब्रेक व्यवस्थित. पेडल कडक. मग दिवा कशाला?

ही शेजारी बसली होती. म्हणाली, "विझला ना? मग झालं." कंट्रोल रूममध्ये असं बोलणाऱ्याला मी दारातून आत घेतलं नसतं. वीजकेंद्रातली सगळी नोकरी दिव्यांसमोर बसून काढली. दिवा उगाच लागत नाही. लागला म्हणजे कुठेतरी काहीतरी झालंय, आणि ते सापडेपर्यंत घास गोड लागत नाही. निदान मला तरी.

३ फेब्रुवारी

लेकीचा फोन. एक मार्चपासून तिची नवी नोकरी, सकाळची पाळी. नातीला शाळेत सोडायचं काम माझ्याकडे. हे ठरलेलंच आहे. खरं सांगायचं तर कधी एकदा एक तारीख उजाडते असं झालंय. निवृत्त झाल्यापासून माझ्यावाचून कुणाचं काही अडलेलं नाही. दूधवाल्याचंसुद्धा नाही, तो पैसे हिच्याकडून घेतो.

बोलता बोलता दिव्याचं बोलून गेलो. नको ते केलं. मागून जावयाचा आवाज — "बाबांना सांग, दिवा लागणाऱ्या गाडीत पोरगी बसणार नाही. नाहीतर आपण व्हॅन लावू."

जावई शांत माणूस आहे. तापट माणसाशी भांडता येतं, शांत माणसाचं काय करणार? म्हणजे एक मार्चच्या आत दिव्याचं कारण सापडलं पाहिजे. नाहीतर व्हॅन.

५ फेब्रुवारी

सोप्यापासून सुरुवात. ब्रेक ऑइलच्या डबीत एक तरंगता गोळा असतो. ऑइल कमी झालं की तो खाली बसतो आणि दिवा लागतो. डबी उघडली. पातळी थोडी कमी आहे, फार नाही. पण दिवा चौकात लागतो, वळताना. वळणावर ऑइल डचमळत असणार, गोळा हलत असणार. हिशेब जुळतो.

ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरलं. एकटाच गावभर चक्कर मारून आलो, दिवा नाही. झालं.

८ फेब्रुवारी

झालं नव्हतं. हिला बहिणीकडे सोडायला निघालो आणि बाजाराच्या चौकात पुन्हा दिवा.

त्यातच एक सायकलवाला डावीकडून असा उगवला की काय सांगावं. जमिनीतून आल्यासारखा. ही ओरडली, मी ब्रेक मारला, तो शिव्या देत गेला. हल्ली लोक कुठूनही घुसतात. डावीकडून तर जास्तच.

बहिणीच्या दाराशी ही उतरताना म्हणाली, "येताना मी चालवते हवं तर." हिला गाडी येते, परवाना आहे. पण क्लच जाळते. नको म्हटलं.

१० फेब्रुवारी

मिस्त्रीकडे गेलो. कोपऱ्यावरचं गॅरेज, ही गाडी त्याच्या वडिलांनीही दुरुस्त केलेली. चाकं काढून बघितली. "काका, ब्रेकचे पॅड अजून वर्षभर मरत नाहीत. तुमची गाडी आपल्या दोघांना पोचवून मग जाणार."

त्याने डबीवरची वायर काढून ठेवली. म्हणाला, आता दिवा लागला तर ऑइलचा दोष नाही. मग उरला हँडब्रेक. दांड्याच्या बुडाशी छोटा स्विच असतो. दांडा जरा वर आला, बोटभर, की दिवा. तो स्विच जुना झाला की मनाला येईल तेव्हा लावतो.

पद्धत बरोबर आहे. एका वेळी एकच गोष्ट काढायची आणि बघायचं. मीही नव्या पोरांना हेच शिकवायचो.

११ फेब्रुवारी

वायर काढलेली, तरी दिवा लागला. हिला घेऊन बँकेत जाताना एकदा, येताना दोनदा. म्हणजे स्विच. बरं वाटलं.

१३ फेब्रुवारी

नवा स्विच बसवला. एकटा फिरून आलो, दिवा नाही. घाई नको म्हणून आणखी फिरलो. नाही. लेकीला फोन करायला घेतला होता. हिने म्हटलं, उद्या करा.

१४ फेब्रुवारी

हिला घेऊन दवाखान्यात, हिच्या गुडघ्याचं. चौकात दिवा. शाळेच्या कोपऱ्यावर दिवा. नवा स्विच! फोन केला नाही तेच बरं.

परत येताना फाटकाला गाडी घासली. डाव्या अंगाला, दारापासून मागच्या चाकापर्यंत. फाटक तिथेच आहे, आम्ही राहायला आल्यापासून. ही काही बोलली नाही. हे विशेष. एरवी कपबशी फुटली तरी दोन दिवस पुरतं.

१५ फेब्रुवारी

सकाळी दाढी करताना लक्षात आलं. वस्तरा तसाच हातात राहिला.

एकटा असलो की दिवा लागत नाही. ही बसली की लागतो. आजवर एकदाही अपवाद नाही. म्हणजे काय? तर हिच्या सीटखालून वायर जाते. वरचं कापड सोललं असणार, वजन पडलं की वायर पत्र्याला टेकते, वळणावर जास्तच. इतकं सरळ आहे.

उत्साहात हिला जाऊन सांगितलं. "म्हणजे माझ्या वजनाने तुमची गाडी बिघडली?" मी म्हटलं, तसं नाही, तांत्रिकदृष्ट्या. "तांत्रिकदृष्ट्या काय?" संध्याकाळी चहा मिळाला. साखर नव्हती.

१६ फेब्रुवारी

सीट काढून वायर तपासली. धडधाकट. तरी खात्री करावी म्हणून वाळूची दोन पोती हिच्या जागी ठेवली, पट्टा लावला आणि चौकातून तीनदा नेली. दिवा नाही. शेजारी फाटकाशी उभा होता. "कुठे निघालात?" म्हटलं, पोत्यांना हवा खायला नेतोय. त्याने पुढे विचारलं नाही.

१७ फेब्रुवारी

वाळू हलत नाही, माणूस हलतो. म्हणून मिस्त्रीला बसवलं. तो हिच्या दीडपट आहे. चौक, शाळेचा कोपरा, पुन्हा चौक. दिवा नाही. त्याला म्हटलं जरा हल. तो हलला. मग आम्ही दोघंही हसलो, दुसरं काय करणार.

शेवटी म्हणाला, "काकूंना आणा. मी मागे बसतो आणि बघतो."

१९ फेब्रुवारी

तिघं गेलो. चौकात दिवा लागला, कोपऱ्यावर लागला, परतीच्या वाटेवर लागला. मिस्त्री मागे एकदम गप्प. एरवी त्याचं तोंड इंजिनाच्या आधी सुरू होतं.

घरी आलो, ही आत गेली. मिस्त्री फडक्याने हात पुसत राहिला. हात स्वच्छ होते.

"काका, फॉल्ट सापडला."

"वायर?"

"काकूंचा हात."

मला काही कळेना. तो खाली बघत बोलला. चौक जवळ आला की काकू हँडब्रेकचा दांडा धरतात. बटण दाबून, म्हणजे कटकट आवाज होत नाही. जरासा उचलून तयार बसतात. चौक गेला की खाली ठेवतात. स्विच जुनाही बरोबर होता, नवाही बरोबर आहे.

मी म्हटलं, "अरे, मी तिथेच बसलेला असतो. मला दिसणार नाही का?"

"तेच मी विचारणार होतो," म्हणाला. "हात तुमच्या गुडघ्याला लागून असतो, काका."

पैसे घेतले नाहीत त्याने. याचा मला जास्त राग आला.

२० फेब्रुवारी

सकाळभर हिच्याशी बोललो नाही. मिस्त्रीने मागे बसून बघितलं हे तिला कळलेलं होतं. भाजी निवडत बसली होती. समोर जाऊन बसलो.

"कधीपासून?"

"थंडी पडली तेव्हापासून. त्या म्हातारीला तुम्ही पाहिलंच नाहीत. काठी टेकत चालली होती, पार रस्त्याच्या मध्यावर आलेली. मी स्टिअरिंगला हात घातला तर माझ्यावरच खेकसलात."

खेकसलो ते आठवतं. म्हातारी आठवत नाही. आठवणार कशी?

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. तुम्ही म्हणालात, एवढी भीती वाटते तर बसू नकोस गाडीत." शेंग मोडली. "आणि नसते बसले तर दांडा कोणी धरला असता?"

तिच्यापुढची एक शेंग उचलून मीही मोडली.

तिला म्हटलं, नातीच्या वेळी काय करणार होतीस? "रोज सोबत येणार होते. फिरायला म्हणून." एवढ्या सकाळी, ते गुडघे घेऊन.

मला भीती वाटली. ब्रेकची वाटली नव्हती कधी. पोरगी मागच्या सीटवर दप्तर घेऊन बसलेली आणि शेजारची जागा रिकामी, हे डोळ्यांसमोर आलं, ते जाईना.

२१ फेब्रुवारी

एका वेळी एकच गोष्ट. खुर्चीत बसलो. समोरच्या भिंतीवर कॅलेंडरचा खिळा, त्यावर नजर. डावा हात बाजूला ताणला आणि बोटं हलवत हळूहळू पुढे आणला. हात पार पुढे, जवळजवळ खिळ्याच्या रेषेत आला तेव्हा दिसला. उजवा त्यापेक्षा थोडा बरा.

हिला त्याच खुर्चीत बसवलं. हिचा हात कानापाशी होता तेव्हाच म्हणाली, "दिसतोय." मला वाटलं थट्टा करतेय. पुन्हा करायला लावलं. पुन्हा तेच.

सायकलवाला जमिनीतून आला नव्हता. फाटकही हललं नव्हतं.

२४ फेब्रुवारी

डोळ्यांचे डॉक्टर. बसने गेलो. मोतीबिंदू असेल म्हणून मनाची तयारी केली होती, तो काढता येतो. काचबिंदू निघाला. दोन्ही डोळ्यांत, डावा जास्त. हा कडेकडेने खातो आणि समोरचं स्वच्छ ठेवतो, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. गेलेलं परत येत नाही. उरलेलं थेंब घालून सांभाळायचं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गाडी चालवता?"

म्हटलं, चालवत होतो.

बसमध्ये ही खिडकीशी बसली. माझ्या डावीकडे. मधेच तिच्याकडे मान पुरती वळवून बघितलं. "काय?" म्हणाली. काही नाही म्हटलं.

२५ फेब्रुवारी

गाडी पुसली. दुसरं काही केलं नाही.

२६ फेब्रुवारी

लेकीला फोन. "गाडीत दोष नाही."

"म्हणजे दिवा गेला? बरं झालं बाई!"

"दिवा बरोबरच होता," म्हटलं, आणि सगळं सांगितलं. हात, म्हातारी, थेंब. रडेल वाटलं होतं, रडली नाही. म्हणाली, "बाबा, हे तुम्ही आपणहून सांगितलंत." जसं काही मोठं काम केलं. मग जावई फोनवर. "बाबा, व्हॅन लावतो मी, तुम्ही मनाला लावून घेऊ नका." म्हटलं, थोडे दिवस थांब, तोवर तूच सोड तिला. एक माणूस आहे माझ्याकडे.

चावी हिच्यापुढे ठेवली. पोळपाटाशेजारी. हिने पिठाचे हात झटकले नाहीत, नुसतीच बघत राहिली. मग म्हणाली, "क्लच जळाला म्हणून एक अक्षर बोलायचं नाही."

कबूल केलं.

२८ फेब्रुवारी

मैदानाभोवती फेऱ्या. मी डावीकडे. क्लच जळाला. वास आला. बोललो नाही.

३ मार्च

आज रस्त्यावर. बरी चालवते. वळताना दोन्हीकडे बघते, अगदी मान वळवून, देवळात प्रदक्षिणा घातल्यासारखी. मागचे लोक हॉर्न मारतात. ती त्यांना जुमानत नाही. मला मात्र घाम फुटतो. डावी बाजू मला दिसत नाही आणि उजवीकडे ती बसलेली. नुसतं बसायचं. हे इतकं अवघड असतं हे मला माहीत नव्हतं. ही कशी बसत होती, थंडीपासून?

६ मार्च

जावई दोन दिवस मागे बसून आला. शाळेपर्यंत आणि परत. उतरताना म्हणाला, "आई, सोमवारपासून चालू करा." माझ्याकडे बघून हसला. मीही हसलो. मला जरा लागलं. पण हसलो.

९ मार्च

नातीला सोडायचा पहिला दिवस. बाजाराच्या चौकात मागून ओरडली, "आजोबा, तुमचा दिवा लागला."

हिने समोरची नजर हलवली नाही. मी मान वळवून खाली बघितलं. दांड्यावर हात होता. माझा.