तिर्रीची जोडी

अण्णा, पत्ते खेळणाऱ्या आपल्यासारख्या माणसांचं एक गाऱ्हाणं आहे आणि ते तुमच्या काळापासून बदललेलं नाही. आपण विचार करून जिंकलो तरी लोक नशीब म्हणतात, आणि हरलो तर म्हणतात, बरं झालं, जुगार्‍याची खोड मोडली. तुम्ही ते हसून ऐकायचात. मला ते कधीच जमलं नाही. वाचनालयातलं तुमचं पत्त्यांचं टेबल बंद करायचा ठराव अध्यक्षांनी मांडला, तेव्हा मी उभी राहिले आणि पाऊण तास बोलले. धरणाच्या कामावर आलेल्या इंजिनिअरकडून तुम्ही पोकर कसं शिकलात, भाटघरच्या कचेरीतून सुटलात की वाचनालयात येऊन चार माणसांना कसं शिकवायचात, पैशाचं नाव काढणाऱ्याला कसं उठवून लावायचात, प्रत्येकाला चाळीस चिंचोके मोजून द्यायचात आणि खेळ संपला की तेच परत डब्यात कसे जायचे, सगळं सांगितलं. पुढच्या रांगेतल्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या ऐकल्या की मला पुढचं वाक्य सुचतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. मी म्हणाले, "हा बुद्धीचा खेळ आहे. स्पर्धा घ्या. आठवड्यापूर्वी शिकलेल्या माणसानं मला हरवलं, तर हे टेबल मी माझ्या हातानं बंद करीन."

अध्यक्ष लगेच म्हणाले, "लिहून घ्या हे."

तो आठवडा मी रोज दुपारी नवख्यांना शिकवलं. हातात दोन पानं, मध्ये पाच उघडी, त्यांतून आपली चांगली पाच जुळवायची. जमत नसेल तर पॅक म्हणून टाकायची. शिकायला नऊजण आले. त्यांत पासली गावच्या एक बाई होत्या, लेकीच्या बाळंतपणाला इथं आलेल्या. भातखाचरात उभं आयुष्य गेलेलं, हात खरखरीत, पानं अशी धरायच्या की शेजाऱ्यालाही दिसावीत. "बाई, बाळ झोपलं की येते. घरी बसून करू काय?" असं मला म्हणायच्या. त्यांना इस्पिक आणि किलवर यांतला फरक ध्यानात यायला दोन दिवस लागले. पानं बघितली की त्या घाबरून टाकूनच द्यायच्या. म्हणून मी त्यांना एक साधा नियम दिला : जोडी असली की टाकायची नाही. त्यांनी तो दोनदा म्हणून घेतला.

रविवारी अठरा माणसं आली, तीन टेबलं लागली; माणसं बाद होत गेली की उरलेले पुढच्या टेबलावर एकत्र बसायचे. पहिल्या टेबलावर भोरच्या बँकेतले एक साहेब होते, मोबाईलवर हजारो डाव खेळलेले. असा माणूस समोर आला की मला बरं वाटतं. तो माझं प्रत्येक पाऊल वाचतो, म्हणून त्याला वाचायला काय द्यायचं ते मी ठरवू शकते. तीनदा माझ्या हातात काही नसताना मी चिंचोके पुढे सारले आणि तीनदा त्यांनी कपाळाला आठ्या घालून बरी पानं टाकली. दुसऱ्या टेबलावर नसरापूरचे किराणा दुकानदार होते. ते एक्क्याशिवाय हलतच नाहीत, म्हणून त्यांच्याकडून मी थोडं थोडं करत सगळं काढून घेतलं आणि त्यांनी एक्का घेऊन मान वर केली की निमूट पॅक झाले. "बाई, तुमी माझ्या एक्क्याला वासानं वळखता काय वो?" असं ते म्हणाले आणि सगळे हसले. प्रत्येकाशी वेगळं खेळायचं, हे तुम्ही शिकवलेलं. तोवर मी ते पाळत होते.

शेवटच्या टेबलावर आम्ही दोघी उरलो, मी आणि पासलीच्या बाई. कशा पोचल्या ते त्यांनाही कळलं नव्हतं. भोवती सगळी माणसं गोळा झालेली. अध्यक्ष माझ्या समोरच, हात बांधून उभे.

माझ्या हातात बदामची राणी आणि चौकटची सत्ती. मध्ये इस्पिकचा राजा, इस्पिकची नव्वी, इस्पिकची चौव्वी, बदामचा गुलाम, किलवरची तिर्री. माझं काहीच जुळलेलं नाही. पण तीन इस्पिक उघडी पडली आहेत. पाच इस्पिक जुळली की साध्या जोडीला मोल नाही. माझ्या हातात आणखी दोन इस्पिक आहेत असं भासवलं, तर शहाणा माणूस पानं टाकील. मी सगळे चिंचोके पुढे सारले. मागे बँकेतले साहेब पुटपुटले, "संपलं." मला ते ऐकू आलं आणि आवडलं.

बाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. त्या आपल्या पानांकडे बघत होत्या, मग मधल्या पानांकडे, मग पुन्हा आपल्या. अण्णा, त्याच क्षणी मला आपलं स्वयंपाकघर दिसलं. मी सतरा वर्षांची. ताटं वाढलेली आहेत आणि आपण शेवटचा डाव खेळतो आहोत. आत्या पहिल्यांदाच पानं हातात धरते आहे. मी तिला थाप मारते, ती भोळेपणानं "दाखव" म्हणते आणि जिंकते. मी पानं भिरकावते. "हिला काही कळतच नाही, हिच्याशी काय खेळायचं!" आत्या ओशाळून हसते. तुम्ही ताट बाजूला सारता. "तिला कळत न्हाई ते तुला कळत हुतं ना? मग थाप कुनाला मारलीस? तिला का आमाला?" आणि मग, आवाज न चढवता, "ऊठ. माफी माग." मी उठले, पण मागच्या दारानं बाहेर गेले.

"माझ्याकडं जोडी हाय," पासलीच्या बाई म्हणाल्या. "बाईंनी सांगितलंय, जोडी असली की टाकायची न्हाई." आणि मधल्या किलवरच्या तिर्रीशेजारी त्यांनी आपली चौकटची तिर्री ठेवली.

एकच गलका झाला. "बघा!" अध्यक्ष म्हणाले. "मी काय म्हणत होतो? नशीब! याला बुद्धी म्हणायचं?"

अण्णा, टेबल वाचवायला दोन वाक्यं पुरे होती. हे नशीब नव्हे, मी वाईट खेळले. ज्यांना थाप वाचता येत नाही त्यांना मी थाप मारली, आणि त्या मी शिकवलं तसं बरोबर खेळल्या. एवढं म्हटलं असतं तर हा बुद्धीचा खेळ आहे हे माझ्याच हरण्यानं सिद्ध झालं असतं. अध्यक्षांना उत्तर उरलं नसतं. पाऊण तास बोलणारी मी. मला दोन वाक्यं जड झाली.

मी हसले, हात झटकले आणि म्हणाले, "नशीब माझं!"

लोकांनी सहानुभूतीनं माना हलवल्या. साहेब म्हणाले, "असं होतं कधी कधी, मॅडम." त्या सहानुभूतीत मी बसून राहिले. माणसं पांगल्यावर पासलीच्या बाई जवळ आल्या. पैजेचं त्यांना तेव्हाच कुणीतरी सांगितलं होतं. चेहरा पडलेला. "बाई, टेबल बंद हुनार व्हय? माझ्यामुळं? मला म्हाईत असतं तर म्या टाकली असती पानं." मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि चिंचोके डब्यात भरायला वळले. आत्यासारख्याच ओशाळून त्या गेल्या. दुसऱ्या दिवसापासून दुपारी कुणी आलं नाही.

येत्या रविवारी सभा आहे. ठराव मंजूर करायचा आणि मी माझ्या हातानं टेबल बंद करायचं, असं ठरलं आहे. पासलीच्या बाई सोमवारी सकाळच्या एसटीनं गावी जाणार आहेत. चिंचोक्यांचा डबा माझ्या घरी, समोर टेबलावर आहे आणि हे पत्र मी त्यातच ठेवणार, तुम्ही गेल्यावर आता दुसरीकडे कुठं धाडणार? पण एक गोष्ट तुमच्यापाशी कबूल करते. त्यांनी तिर्री दाखवण्याआधीच मला ठाऊक होतं की त्या टाकणार नाहीत. चिंचोके हातातून सुटायच्या आधीपासून ठाऊक होतं. मी सारले, कारण साहेब मागे उभे होते आणि अध्यक्ष समोर.

आत्याची माफी राहिली ती राहिलीच. ही राहू द्यायची नाही. भरल्या सभेत, त्या बाई समोर बसलेल्या असताना, माझ्या तोंडी पुन्हा एखादं टाळ्यांचं वाक्य येईल. तेव्हा तुम्ही मध्ये पडा, अण्णा. ताट बाजूला सारा आणि तेवढंच म्हणा : ऊठ. माफी माग.