पांढऱ्या पट्ट्यांवरची बाई

३ डिसेंबर १९६३, मंगळ.
हमीदाबी शेजारच्या भिंतीवरून म्हने, "तुह्या नवऱ्यानं आज भर चौकात ट्रक थांबवला. त्या नव्या पांढऱ्या पट्ट्यांपाशी. दवाखान्यातली नर्स सायकल घेऊन पलीकडं जाये तोवर उभा. वरून यानं हात केला, तिनंही केला."
म्हटलं, थांबले असतील. वांगी करपली.

५ डिसें., गुरु.
आज परत थांबले म्हने. तिचं नाव लिहिनार नाही, न. पुरे. जिनातून कापसाच्या गठानी भरून स्टेशनावर जाताना बैलबंड्या, सायकलवाले, म्हाताऱ्या, सगळ्यायले नुसता हॉर्न. न. दिसली की ब्रेक! मले बाजारातून कधी ट्रकात बसवलं नाही. म्हनतात, "मालकाची गाडी आहे." मग न.च्या वेळेस मालक झोपला होता काय?
जळते मी. हाव, जळते.

६ डिसें., शुक्र.
सासूबाईसोबत चौकात गेले. त्या पट्ट्यांवर कोनी पाय देत नाही. सासूबाई म्हने, "मंत्री येनार असंल. रांगोईच समज, तुडवू नको." सगळ्या बाया लुगडं सावरून बाजूनं जातात. मीही गेले. तेवढ्यात न. आली, सायकल हातात, चपलांसकट सरळ पट्ट्यांवरून. तोरा तर पाहा!

८ डिसें., रवि.
जेवताना विचारलंच. "ती नर्स तुमची कोन लागते?"
हे हसले. "अवं येडे, ते पट्टे रस्ता ओलांडासाठीच हायेत. तिथं मानूस दिसला का म्या थांबाचं. सायकलवाल्यानं तिथं खाली उतराचं, हातात धरून न्यायची. परवा कासम दूधवाला सायकलीवरून भुर्रकन आडवा आला, थोडक्यात वाचला. गठानीचा ट्रक काय जागच्या जागी थांबते? तिनं उतराचं, म्या थांबाचं. दोघायनंबी."
दोघायनंबी! बाकी काही ऐकूच आलं नाही.
"अन् बाकीचा गाव?"
"गाव पट्टे सोडून कुठूनबी घुसते. कोनाकोनासाठी थांबू?"
पटलं. अर्धं. हात काऊन करता, हे विचाराचं राहूनच गेलं.

१० डिसें., मंगळ.
गेलेच. एकटी. हिरवं लुगडं, पदर तोंडावरून. सासूबाईची रांगोई गेली खड्ड्यात, दोन्ही पाय पट्ट्यावर. आधी वाटलं, न.साठी थांबतात, माह्यासाठी थांबतात का पाहू. मग ट्रक दिसला. खालून केवढा दिसतो तो! गठानी वरपर्यंत. पाय उचलेना. नाही थांबले तर…
थांबले. काचेतून हात केला, जाय म्हनून. माहा हात आपोआप वर गेला. पलीकडं पोचल्यावर कळलं की मीही केला.
ओळखलं मात्र नाही. परक्या बाईसाठी थांबले. रडावं का हसावं.

११ डिसें., बुध.
हमीदाबी सकाळीच भिंतीवर. "बाई, ती नर्स परवडली. आता दुसरीच कोनी हाय! तोंड झाकून आली होती म्हने. हिरवं लुगडं."
माहं हिरवं लुगडं मागं दोरीवर वाळत होतं. मी मधात उभी राह्यले.
दुपारी हे जेवाले आले. सहज विचारल्यासारखं केलं, काल चौकात कोनी होतं का. डोळे चमकले त्यायचे. "हो ना. एक बाई गेली पट्ट्यावरून. नर्स सोडली तर पहिलीच. भेली होती, पन पळाली नाही, मधात घुटमळली नाही. मोठी हिमतीची बाई."
इतक्या वर्षांत माहं असं कौतुक एकदा केलं नाही ह्यायनं.
कोन होती, मले विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. भाकर वाढली. त्या बाईचा राग येऊन राह्यला.