रेडिओच्या पेटीवरचा तळहात

अण्णा, हल्ली डाव्या कानाने मला जवळजवळ ऐकू येत नाही. ही गोष्ट सांगावी आणि तिच्यावर हळहळ न व्यक्त करता दोन नेमके प्रश्न विचारले जावेत, असे माणूस तुमच्यानंतर घरात उरले नाही, म्हणून तुम्हालाच लिहितो आहे. माझाही एक प्रश्न आहे. तुम्ही होतात तेव्हा तो मला सुचला नाही. तुमच्या तळहाताला नेमके काय कळत असे?

नव्वदच्या दशकातली बंगलोरमधल्या बनशंकरीच्या घरातली शनिवारची संध्याकाळ मला आजही जशीच्या तशी दिसते. प्रेस शॉपमधल्या पत्रा ठोकणाऱ्या यंत्रांच्या घणाघाताने तुमचे कान कधीच नेलेले. कारखान्यातून तपासनीस म्हणून निवृत्त होताना तुम्ही बरोबर आणले ते एक मायक्रोमीटर आणि कोणत्याही वस्तूवर हात ठेवून तिची प्रकृती ओळखण्याची सवय. मी आफ्रिकेतले ते केंद्र शॉर्टवेव्हवर लावून देतो, तुम्ही खुर्ची ओढून रेडिओच्या लाकडी पेटीवर उजवा तळहात पालथा ठेवता, आणि निवेदक जे बोलेल ते मी पाटीवर मराठीत लिहून तुमच्यापुढे धरतो. कार्यक्रम रेगे या जमैकन संगीताचा. ठोक्यांच्या मध्ये भरपूर जागा सोडून चालणारे ते संथ संगीत मला आळशी वाटे, आणि निवेदकाची इंग्रजी तर मला ऐकवत नसे. क्रियापदे तो वाटेल तिथे सोडून देई. तरीही त्याचे अर्धे आयुष्य माझ्याच हाताने पाटीवर उतरले आहे: चर्चमध्ये गाणारा मुलगा, मग गोदीतला वेल्डर, मग बास गिटार वाजवणारा, मग स्वतःचा वाद्यवृंद असलेला गायक, आणि त्या गाण्यावर घर चालेना म्हणून रेडिओवर आलेला निवेदक. स्वतःच्या भाषेत रेगे गातो म्हणून लोक त्याला हसत. रेडिओवर मात्र त्याने स्वतःचे गाणे कधीच लावले नाही. ‘हा माइक माझ्या मालकीचा नाही,’ असे तो म्हणाल्याचे मी लिहिले, तेव्हा तुम्ही मांडीवर थाप मारलीत. “सरी, बरोबर! आपण केलेला जॉब आपणच तपासून पास करायचा नसतो. हा माणूस आमच्या खात्यातला.”

“पोटच्या पोरापेक्षा त्या आफ्रिकेतल्याचीच खबर जास्त यांना,” आई स्वयंपाकघरातून म्हणे. ते तुम्हाला ऐकू जाणार नाही, ते मी ऐकावे, हाच तिचा हेतू असे.

कार्यक्रम संपला की मी तुमच्या नावाने अहवाल लिहीत असे: आवाज किती स्वच्छ आला, खरखर किती होती, निवेदक काय म्हणाला. तपशील जुळले की केंद्राकडून छापील पोहोच-कार्ड येई. ती कार्डे तुम्ही बिस्किटांच्या डब्यात तारखेनुसार लावून ठेवत होता.

एका शनिवारी महाराष्ट्र मंडळाच्या स्मरणिकेची मुद्रिते माझ्यासमोर होती आणि मी त्यांत बुडालो होतो. अर्ध्या तासाने तुम्ही म्हणालात, “आज तो नाही.” मी मान वर न करता पाटीवर लिहिले, ‘तोच आहे.’ तुम्ही हात पेटीच्या दुसऱ्या कडेला सरकवलात. “स्वल्प नीट ऐक रे. तो नाही.” मी ‘तोच’ या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या, आणि नंतर मागच्या महिन्याच्या अहवालातली वाक्ये थोडी फिरवून नवा अहवाल पाठवून दिला.

कार्डाऐवजी या वेळी निवेदकाच्या स्वतःच्या हस्ताक्षरातले पत्र आले. त्या आठवड्यात तो आपला वाद्यवृंद घेऊन दौऱ्यावर गेला होता; माइकवर दुसरा कोणी होता. ‘मित्रा, तू माझा आवाज स्वच्छ ऐकलास, पण मी तिथे नव्हतो,’ एवढेच त्याने लिहिले होते. तुम्ही ते दोनदा वाचलेत. तुम्ही ओरडला असता तर मला सोपे गेले असते. “न मोजता सही केलीस,” तुम्ही म्हणालात. “माझ्या नावाची.”

मग तुम्ही सांगितलेत आणि मी त्याला इंग्रजीत उत्तर लिहिले. ‘अनवधानाने’ असा शब्द मी घातला होता. तो तुम्ही खोडायला लावलात. ‘माझ्या मुलाने न ऐकता लिहिले. मी बहिरा आहे, हाताने ऐकतो. तुम्ही नव्हता, हे हाताला कळले होते.’ तुम्ही बहिरे आहात, हे त्याला इतक्या वर्षांत आपण कळवलेच नव्हते.

पुढचे कित्येक शनिवार तुम्ही पाटी मागितली नाहीत. आणि एके दिवशी त्याने ते पत्र रेडिओवर वाचले. मी न सांगता पाटी उचलली. तो म्हणाला, ‘श्रोत्यांची पत्रे वाचताना मी मांडीवरची बास गिटार हळूच छेडत असतो. बंगलोरचा हा श्रोता इतकी वर्षे तीच ऐकत होता.’ मी ते पार्श्वभूमीचे ध्वनिमुद्रण समजत होतो, अण्णा, दोन्ही कान शाबूत असताना! मग तो म्हणाला, आजच्यापुरता नियम मोडतो, माझेच एक गाणे वाजवतो, शब्दांशिवाय. आणि गाणे सुरू झाले. पाटीवर लिहिण्याजोगे काही उरले नाही. तुम्ही डोळे मिटून माझे मनगट धरलेत आणि माझा हात पेटीकडे ओढलात. “लिहितोय,” असे मी तोंडाने म्हणालो, जे तुम्हाला ऐकू येणार नव्हते, आणि हात सोडवून घेतला.

त्या गाण्याची कॅसेट त्याने नंतर पाठवली, पण तोवर तुम्ही गेला होता. पाकीट मी डब्यात कार्डांच्या मागे ठेवले. तो पुढे रेडिओवर राहिला, की गाण्याकडे परतला, हे मला ठाऊक नाही. तुम्ही गेल्याचेही मी त्याला कळवले नाही.

गेल्या मंगळवारी टेपरेकॉर्डर दुरुस्त करून आणला आणि ती कॅसेट लावली. हे पत्र कुठेही जायचे नाही, तेव्हा इथे तरी न मोजता सही करणार नाही. मला ते संगीत आवडले, असे लिहिणे खोटे ठरेल. पण कॅसेटची ती बाजू संपेपर्यंत मी टेपरेकॉर्डरच्या पेटीवरचा हात उचलला नाही.