कडुलिंबाकडची खोली

मंगळवार, संध्याकाळ

बाबांना घेऊन त्या मोठ्या हॉटेलात एक रात्र राहायचंय. कार्डाचे पॉइंट वापरले तर फुकट, पण खोली ते देतील ती. थेट फोन केला तर पैसे जातील, पण खोली मागता येते. एवढं काय अवघड आहे यात?

बाबा टॅक्सी चालवायचे. वेरूळ बघायला आलेले पाहुणे तिथंच सोडायचे आणि फाटकाबाहेरच्या कडुलिंबाखाली थांबायचे. मी डबा घेऊन जायचे. बॉनेट गरम असायचं, त्यावर भाकरी ठेवून खायचो. आत कधीच गेलो नाही.

शेवटी फोनच केला. "बागेकडची देऊ?" म्हटलं, नको, कडुलिंब दिसेल अशी द्या.

बाबांना सांगितलं, शनिवारी त्या हॉटेलात जायचंय. त्यांनी लगेच खुंटीवरची गाडीची किल्ली पाहिली.

"किती वाजता सोडू गं तुला?"